पिक्चर कसा वाटला?

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या, केस रंगवलेल्या व न रंगवलेल्या माझ्या सर्व वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला, "तू कॉम्प्युटरमधली. एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी व्हिडिओ येतात आणि ते पाठवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. त्यापेक्षा मी गेल्या दोन-अडीच वर्षांत पाहिलेल्या पिक्चरांबद्दल बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "चालेल, पण जेवणाआधी संपव." तेव्हा ताटं मांडायच्या आत मी खाली बसणार आहे, काळजी नसावी.

विषय हलका वाटेल. पण आपला 'दहावी १९९७' ग्रुप जरा उघडून पाहा. वाढदिवसाला पन्नास जणांकडून एकाच केकचं चित्र. कुणी गेलं की "भावपूर्ण श्रद्धांजली". राजकारणावर बोलायचं नाही, हा नियम आपण निवडणुकीच्या भांडणानंतर स्वतःच केला. मुलांचे टक्के, पगार, जागेचे भाव, हे विषय कुणाला ना कुणाला टोचतात. मग उरलं काय? पिक्चर. त्यावर मात्र सगळे बोलतात. वर्षभर अंगठ्यापलीकडे काही न पाठवणारासुद्धा लिहितो, "बकवास. पैसे फुकट."

आपली ही सवय जुनी आहे. राहनाळच्या पोरांना थिएटर म्हणजे भिवंडी, नाहीतर ठाणे-कल्याण. मुलींना तर घरातलं कुणी सोबत असेल तरच. त्यामुळे पिक्चर एकाने बघायचा आणि वर्गाने ऐकायचा, अशी पद्धत होती. पूजेला किंवा गणपतीत पडदा बांधला की पुढे जागा मिळायची नाही. मग आपण मागच्या बाजूने पाहायचो. तिथून सगळे हिरो डावखुरे दिसायचे. १९९३ साली 'झपाटलेला' आला, तो मी पाहिला नंतर, आधी ऐकला, मधल्या सुट्टीत, नळाजवळ. सांगणाऱ्याने त्यात पदरचं एक भूत घातलं होतं. पुढे खरा पिक्चर पाहिला तेव्हा ते भूत कुठे गेलं म्हणून मी शेवटपर्यंत वाट पाहिली. सांगणारा आज इथेच बसलाय. त्याने उठून उभं राहण्याची गरज नाही.

त्याआधी, १९९१ मध्ये, 'माहेरची साडी'. आमच्या आळीतल्या बायका टेम्पो करून गेल्या आणि डोळे सुजवून परत आल्या. आमची आजीही गेली होती. मी विचारलं, "आजी, कसा होता?" ती पाय धुता धुता म्हणाली, "मना नाय आवरला. ती पोरगी येवरा सोसते कशाला?" सगळा महाराष्ट्र रडत होता आणि आजी चिडली होती. आजी स्वतःच्या सासुरवासाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवशी मला थोडं कळलं. पिक्चरबद्दल बोलताना माणूस स्वतःबद्दल बोलतोय हे त्याला जाणवत नाही, म्हणून तो खरं बोलतो.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे संयोजकांचाही मान राहील. आज आपण काय पाहायचं हे बरंचसं ॲप सुचवतं. हे सुचवणं सोपं नाही. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये जाहीर केलं होतं, की प्रेक्षक कुठल्या पिक्चरला किती स्टार देईल याचा आमचा अंदाज जो दहा टक्क्यांनी सुधारून दाखवेल, त्याला १० लाख डॉलर बक्षीस. जगभरच्या गणितज्ञांनी तीन वर्षं डोकं लावलं, तेव्हा २००९ मध्ये ते एका चमूला मिळालं. आणि २०१७ मध्ये कंपनीने ते स्टारच काढून टाकले. त्यांच्या जागी आला अंगठा वर किंवा अंगठा खाली.

यामागची युक्ती आपल्या सरांनी शिकवलेल्या गणितातलीच आहे. तुम्ही पाहिलेले दहा पिक्चर ज्या लोकांनीही पाहिले, त्यांनी अकरावा कुठला पाहिला ते शोधायचं आणि तो तुमच्यासमोर ठेवायचा. काम चोख होतं. पण काल आवडलं त्याच्यासारखंच उद्या समोर येतं. आणि का आवडलं, हे त्या आकड्यात नसतं. आजीच्या खात्यावर 'माहेरची साडी'ला अंगठा खाली पडला असता. ती पाय धुता धुता जे बोलली, ते कुठे नोंदलं गेलं असतं?

तर आता माझी मतं. ही समीक्षा नव्हे. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही.

पहिला, 'बाईपण भारी देवा'. जून २०२३ च्या अखेरीस आला, केदार शिंदे यांचा. सहा बहिणी, प्रत्येकीची वेगळी गाठ, आणि मंगळागौरीची स्पर्धा. माझं मत असं, की बायका एकमेकींशी ज्या तिरकसपणे बोलतात ते अगदी खरं उतरलंय, पण शेवटी सगळ्या गाठी फार पटापट सुटतात. एका नाचात आयुष्य मार्गी लागत असतं तर काय हवं होतं! मी हे ग्रुपवर लिहिलं. त्यावर आपल्यातल्या एकीचं उत्तर आलं. तिचं लग्न बारावीच्या परीक्षेआधीच झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. तिने लिहिलं, "शेवट कसा का असेना. आम्ही अकरा जणी रिक्षा करून गेलो. लग्नानंतर मी पहिल्यांदा थिएटरला गेले. जाऊन-येऊन पाच तास मी कुणाला चहा करून दिला नाही." शेवटाबद्दलचं माझं मत अजूनही तेच आहे. पण त्या पिक्चरबद्दल महाराष्ट्रात जे काही छापून आलं, त्यात मला तिच्या चार वाक्यांइतकं कुणी सांगितलं नाही. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गॉगल लावून, घोळक्याने का जात होत्या, ते मला तिने सांगितलं.

दुसरा, 'आत्मपॅम्फ्लेट'. हाही २०२३ चाच. दिग्दर्शक आशिष बेंडे, लेखन परेश मोकाशी. शाळेतल्या मुलाचं वर्गातल्या मुलीवरचं प्रेम आणि देशातल्या मोठमोठ्या घडामोडी शेजारी शेजारी चालतात, आणि आपण हसत राहतो. आपल्या पिढीने हा पिक्चर चुकवू नये. माझी तक्रार एवढीच, की निवेदक मधूनमधून इतकं बोलतो की मुलांच्या चेहऱ्याकडे बघायला सवड मिळत नाही.

पण तो पाहताना मी राहनाळला पोहोचले होते. डिसेंबर १९९२ मध्ये आपण सहावीत होतो. शाळा बंद होती. घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात १९७० आणि १९८४ चं बोलायची. भिवंडीत त्या दोन्ही वर्षी दंगली झाल्या होत्या आणि माणसं मेली होती. त्यामुळे आता पुन्हा भिवंडी पेटणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीच्या वर्षांत इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं पोलिसांसोबत नियमित एकत्र बसत होती, तंट्यांवर बोलत होती. एकमेकांची तोंडओळख होती, म्हणून अफवा आली तेव्हा विचारायला माणूस होता. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आपला वर्ग पूर्ण भरला होता. त्या वेळी त्यात विशेष काही वाटलं नाही. पिक्चर पाहून झाल्यावर मी आपल्या वर्गाचा जुना फोटो काढला आणि एकेक डोकं मोजत बसले.

तिसरा, 'दशावतार', सप्टेंबर २०२५ चा, सुबोध खानोलकर यांचा. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर दशावतारातला म्हातारा कलावंत झाले आहेत. त्यांना पाहायला मी पुन्हा जाईन. पहिला भाग, बाप-लेकाचा, मला फार आवडला. दुसऱ्या भागात कोकणातल्या खाणीचा विषय येतो, मग सूड, मग आवाज वाढत जातो, आणि मी खुर्चीत मागे सरकले. माझ्या मुलीला नेमका तोच भाग आवडला. गाडीत आमचं त्यावरून वाजलं. ती म्हणाली, "आई, खलनायकाला शिक्षा झाली पाहिजे की नको?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण मी आपल्या रस्त्याचा विचार करत होते. अंजूरफाट्याकडून राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी असं ठाण्याकडे जाताना आपण लहानपणी दोन्ही बाजूंना भातशेती पाहिली. आज गोदामं आहेत. तुम्ही घरबसल्या मागवलेला मिक्सर बहुतेक त्यांपैकीच एखाद्यातून निघतो. इथे कुणी डोळे वटारून, मिशीवर ताव मारत आलं नव्हतं. कुणाला बहिणीचं लग्न होतं, कुणाला पोरांना शिकवायचं होतं, कुणाला नुसता भाताचा वैताग आला होता. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्येसुद्धा एका शेताचा वाटा आहे. पिक्चरमध्ये शेवटी बोट दाखवायला कुणीतरी असतं. आपल्याकडे ज्याच्याकडे बोट दाखवावं तो पंगतीत शेजारी बसलेला असतो, आणि बहुधा मामा-काका असतो. मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग यावर कुणी पिक्चर का काढत नाही?" हा प्रश्न मी या सभागृहात सोडून देते.

चौथा आणि शेवटचा, 'जुनं फर्निचर', २०२४ चा. महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शनही केलंय आणि मुख्य भूमिकाही. पोटच्या मुलावर खटला भरणारा म्हातारा बाप. मला तो जरा भाषणबाजी करणारा वाटला. मी स्वतः आत्ता काय करतेय ते लक्षात घेता, एवढंच बोलते.

पण त्याबद्दल ग्रुपवर आपल्या गणिताच्या सरांनी जे लिहिलं ते सांगते. सर व्यासपीठावर आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे. सरांनी लिहिलं, "पहिला अर्धा भाग खरा वाटला. कोर्टाचं जरा जास्त झालं. साडेपाच गुण." कुणीतरी सहज विचारलं, "सर, कुणाबरोबर पाहिलात?" सरांचं उत्तर, "एकट्यानेच. बाई गेल्यापासून सगळं एकट्यानेच पाहतो."

आपल्या बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा आपण सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती. सरांचा मुलगा परदेशात आहे आणि रोज फोन करतो, हे सर आवर्जून सांगतात. तेही खरंच आहे. पण संध्याकाळी सात ते दहा त्या घरात काय असतं, हे आपल्याला साडेपाच गुणांच्या पिक्चरमुळे कळलं. त्या दिवशी ग्रुपवर पुढे कुणीच काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी मात्र अंजूरफाट्यावरचे आपले दोघे सरांकडे गेले, फरसाण आणि मोबाइल टीव्हीला जोडायची वायर घेऊन. आता महिन्यातून दोन रविवार कुणी ना कुणी जातं. यादी कोण ठेवतं ते तुम्हाला माहीत आहे. पिक्चर निवडण्याचा अधिकार सरांचा. संपला की सर दहापैकी गुण देतात आणि गुण का कापले तेही पायरीपायरीने सांगतात. आजवर कुणालाही साडेसहाच्या वर मिळालेले नाहीत. म्हणजे आपल्यावर अन्याय झाला नव्हता, सरांचा हातच तसा आहे.

तर मित्रांनो, माझी मागणी छोटी आहे. पिक्चर पाहिलात की दुसऱ्याने लिहिलेलं परीक्षण पुढे ढकलू नका. पाच चांदण्या पाठवू नका. दोन वाक्यं लिहा, स्वतःची. कुठे रडलात, कुठे कंटाळलात, कुणाबरोबर पाहिलात, घरी येऊन जेवलात की तसेच झोपलात. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. मराठीच्या बाई मान हलवताहेत, म्हणजे तपासलं जाईल, पण गुण कापले जाणार नाहीत. आणि ज्यांनी गेल्या वर्षभरात एकाही पिक्चरबद्दल काही लिहिलेलं नाही, अशी सात नावं माझ्याकडे आहेत. ती इथे वाचणार नाही. पुढच्या आठवड्यात त्या सातही जणांना मी फोन करणार आहे आणि एकच विचारणार आहे, हल्ली काय पाहिलंस, आणि कसं वाटलं.

वरणभाताचा वास इथवर आला आहे, तेव्हा थांबते. सरांनी या भाषणाला किती गुण दिले ते मला खाजगीत सांगावं.