आधी लस, मग पिल्ले



मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून आले आहे. घरी आम्ही मावची बोलतो, म्हणून मराठीत काही चुकले तर सांभाळून घ्या.

आमची दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. पावसाळ्यात भात आणि तूर होते, ते घरीच खायला लागते. हातात पैसा येतो तो चार शेळ्या आणि कोंबड्यांचा. पहाटे मी डालगे उचलते, मूठभर कणी टाकते. मग कोंबड्या दिवसभर परसात आणि उकिरड्यावर किडे, दाणे टिपत फिरतात. सासूबाई शेळ्या घेऊन माळावर जातात. दिवसा घारीची भीती, रात्री रानमांजराची, म्हणून संध्याकाळी सगळ्या मोजून आत घ्यायच्या. वह्या हव्या असल्या की कोंबडी विकायची, दवाखाना निघाला की बोकड.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाड्यात मानमोडी आली. हिरवी हगवण लागायची, मान पिळायची आणि कोंबडी मरायची. पाच दिवसांत माझ्या २२ पैकी १९ गेल्या. त्याच विकून मुलीला अकरावीसाठी नवापूरला खोली करून द्यायची होती. ती घरी राहिली.

त्यानंतर काही दयाळू माणसांनी पाड्यात पिल्ले वाटली. पुढच्या उन्हाळ्यात तीही मानमोडीने गेली. मुलीचे दुसरे वर्षही गेले.

या रोगाला लस आहे आणि ती महागही नाही. पण आम्हाला मिळते ती बाटली १०० कोंबड्यांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घराने आणून उपयोग नाही. म्हणून मी दारोदार गेले. काही जण म्हणाले, "औषधाने अंडी बंद होतील." शेवटी १४ घरे तयार झाली. पहिल्या खेपेला वाटेतच बर्फ वितळला, लस फुकट गेली. दुसऱ्या खेपेला जमले. कोंबड्या डालग्यात असतानाच, पहाटे, लहान पिल्लांच्या डोळ्यात एकेक थेंब टाकला. दोन महिन्यांच्या झाल्यावर त्यांना पंखाखाली सुई दिली. गेले दोन उन्हाळे या घरांत मानमोडी आली नाही.

तुम्ही प्रेमाने विचारता, "काय पाठवू?" पिल्ले पाठवू नका. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्ले आमच्याच घरी निघतात. आम्हाला लस आणायला बर्फाची एक चांगली पेटी द्या. लस द्यायला शिकलेल्या आमच्या दोन मुलींना नवापूरचे गाडीभाडे द्या. शेजारच्या पाड्यांनीही बोलावले आहे, पण तिथवर बर्फ टिकत नाही.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिच्या खोलीचे भाडे कोंबड्याच भरतात.