लिखाण सर्वांचे, पण नाव कोणाचे?

(शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसमोर दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक. पीक, तण आणि पाणी हा माझा विषय. तरीही आज मी संगणकाच्या एका प्रणालीची हकिकत सांगणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. आपल्या उत्पादक कंपन्यांच्या सभासद याद्या, खरेदीची बिले, जमाखर्च आता संगणकावर गेले आहेत. "हे फुकट आहे, सर्वांचे आहे" असे सांगत बरेच काही आपल्या दारात येते. फुकट मिळणे वेगळे आणि सर्वांचे असणे वेगळे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचे लिखाण. बहुतेक कंपन्या मूळ लिखाण दाखवत नाहीत, तयार माल तेवढा विकतात. संकरित बियाण्याची पिशवी बाजारात मिळते, पण त्याचे नर-मादी वाण कंपनीच्या कुलुपात असतात, तसाच हा प्रकार. मुक्त सॉफ्टवेअरचे मूळ लिखाणच खुले असते. कोणीही ते वाचावे, सुधारावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावे सुद्धा. परवान्याच्या अटी मात्र पाळाव्या लागतात.

जर्मनीत स्टारडिव्हिजन नावाची कंपनी होती. पत्रे लिहिणे, तक्ते व हिशेब मांडणे यासाठी तिने स्टारऑफिस नावाची प्रणाली तयार केली होती. १९९९ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली आणि २००० साली मूळ लिखाण खुले केले. त्याचे नाव ओपनऑफिस. यात दानधर्म नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसला पर्याय उभा राहावा हा हेतू होता, आणि त्यात वावगे काही नाही. जगभरातून माणसे कामाला लागली. कोणी चुका दुरुस्त केल्या, कोणी आपापल्या भाषेत भाषांतर केले, कोणी नवख्यांना शिकवले.

पण मेख दोन ठिकाणी होती. लिखाणात भर घालणाऱ्याला एका कागदावर सही करून आपल्या कामाच्या हक्कात सनला भागीदार करून घ्यावे लागे. त्यामुळे तेच लिखाण वेगळ्या अटींवर विकण्याची मुभा सनला होती आणि स्टारऑफिस या नावाने ती ते विकतही असे. दूध सर्वांनी घालायचे, पण ते कोणत्याही नावाने, कोणत्याही भावाने विकण्याचा अधिकार एकट्या डेअरीला, असा हा व्यवहार. दुसरी मेख म्हणजे ओपनऑफिस हे नावही सनच्याच मालकीचे होते. स्वतंत्र संस्था स्थापण्याचे वचन मूळ सनदेत होते. दहा वर्षे ते कागदावरच राहिले. सन कंपनी समजूतदारपणे वागत होती, म्हणून कोणी फारसा आग्रह धरला नाही. मालक चांगला असला की पोटनियम कोण वाचतो?

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. मालक बदलला. त्याच वर्षी सनच्या ओपनसोलारिस या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे खुले काम ओरॅकलने थांबवले. ओपनऑफिसची मंडळी सावध झाली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यापैकी अनेकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. ओरॅकललाही सभासद होण्याचे निमंत्रण दिले आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेला द्यावे अशी विनंती केली. तोपर्यंत कामापुरते म्हणून लिब्रेऑफिस हे नाव घेतले. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट ऑक्टोबरमधील बैठकीत, नव्या संस्थेत गेलेल्यांनी जुन्या समितीच्या जागा सोडाव्यात, दोन्हीकडे राहणे हितसंबंधांच्या आड येते, असे त्यांना सांगण्यात आले. कामापुरते घेतलेले नाव कायमचे झाले.

लिखाण नेता आले, नाव नेता आले नाही. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ पाहा. संरक्षित वाणाचे बियाणे शेतकऱ्याने राखावे, पेरावे, देवाणघेवाण करावी, विकावे, याला मुभा आहे. परंतु ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही. गुण बियाण्यात असतो, पण गिऱ्हाईक पिशवीवरचे नाव वाचून घेते.

नव्या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये आपली पहिली आवृत्ती काढली. जर्मनीत नोंदणीसाठी ५०,००० युरो भांडवल हवे होते. लोकांकडे मागितले, ते आठ दिवसांत जमले. हक्क लिहून देण्याची अट काढून टाकली. ज्याचे काम त्याचा हक्क, फक्त ते खुल्या परवान्याखाली द्यायचे. आणि संचालक मंडळात एकाच कंपनीशी संबंधित माणसे एक तृतीयांशापेक्षा जास्त असू नयेत, असे नियमातच घातले. या एका कलमासाठी मी ही हकिकत सांगायला घेतली, असे म्हटले तरी चालेल.

तरी भांडण मिटले का? नाही. लिखाणाचे अवघड काम पूर्ण वेळ करायचे तर पगार लागतो आणि पगार कंपन्या देतात. त्यांचे म्हणणे असे की आम्ही माणसे पोसतो आणि मोठमोठी कार्यालये फुकटची प्रत घेऊन मोकळी होतात. २०२० साली नव्या आवृत्तीच्या चाचणी प्रतीवर 'वैयक्तिक वापरासाठी' अशा अर्थाचे बिरूद दिसले आणि स्वयंसेवक उसळले. आज बिरूद, उद्या बिल, ही त्यांची शंका. बिरूद मागे घेतले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीवर 'कम्युनिटी' असा शब्द आला. २०२० मध्येच कोलाबोरा या कंपनीने, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीवरील आपले काम संस्थेतून हलवून स्वतःच्या नावाखाली नेले. मला कंपन्यांची तक्रार अगदीच चुकीची वाटत नाही. नांगरट एकाने करायची आणि पीक सगळ्यांनी न्यायचे, हे किती हंगाम चालेल? पण नांगरट करणाऱ्याने बांधही आपल्या नावावर करू नये.

इकडे जुन्या नावाचे काय झाले? जून २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे या दुसऱ्या संस्थेला देऊन टाकले. अपाचेचा परवाना सैल आहे. बदल करून वाटले तरी तो बदल उघड केलाच पाहिजे असे नाही. लिब्रेऑफिसचा परवाना म्हणतो, बदल करून वाटाल तर बदलही खुला ठेवा. त्यामुळे पाटाला एकाच बाजूने उतार पडला. अपाचेकडील सुधारणा लिब्रेऑफिसला घेता येतात, लिब्रेऑफिसच्या अपाचेला घेता येत नाहीत. ओपनऑफिसची मोठी नवी आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्यानंतर किरकोळ दुरुस्त्याच आल्या. लोक मात्र ओळखीचे नाव शोधत तिकडेच जात राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचेला जाहीर पत्र लिहिले की आपल्याकडे येणाऱ्यांना निदान आम्ही आहोत एवढे तरी सांगा.

आता आपल्याकडे या. उत्पादक कंपनीत व्यक्ती सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच, ही तरतूद २००२ च्या कायदा दुरुस्तीने आली. चांगली तरतूद आहे. पण मालाच्या पिशवीवरचे बोधचिन्ह कोणाच्या नावे नोंदले आहे, हे मतदानाने ठरत नाही, नोंदणीच्या कागदाने ठरते. ते कंपनीच्या नावे आहे की एखाद्या संचालकाच्या, की सुरुवातीला मदत करणाऱ्या संस्थेच्या? गावी गेल्यावर तो कागद काढून पाहा. सभासदांची माहिती ज्या मोबाइल अॅपमध्ये भरता, त्याच्या करारात करार संपल्यावर ती माहिती पूर्ण परत मिळेल असे कलम आहे का, तेही वाचा. नसेल तर सही करण्यापूर्वी घालून घ्या. नंतर घालणे कठीण.

मघाशी एका संचालकांनी विचारले होते की कार्यालयातील जुन्या ओपनऑफिसमधील हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडतील का. उघडतील. दोन्हींची फाइल ओडीएफ या एकाच खुल्या नमुन्यात साठवली जाते आणि हा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आधी सर्व फाइलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मग नवीन प्रणाली बसवा. पहिल्या महिन्यात बेरजा जुन्या छापील ताळेबंदाशी ताडून पाहा.