संकेतस्थळ सर्वांना वाचता यावे



प्रवेश, शिष्यवृत्ती, निकाल, सारे आता संगणकावर आले आहे. श्रीरामपूर-संगमनेरहून नगरला घालावे लागणारे खेटे वाचले. पण ज्याला दिसत नाही, त्या विद्यार्थ्याचे काय?

तो संगणक कानाने वाचतो. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारे एनव्हीडीए हे साधन मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केले. ते मोफत मिळते. मात्र आपण मराठी वा उर्दू सूचनेचा नुसता फोटो संकेतस्थळावर टाकला, तर त्यातील मजकूर त्याला नीट ऐकू येत नाही. तीच सूचना युनिकोडमध्ये टाइप करावी, चित्राला वर्णन जोडावे, अर्ज माऊसशिवाय भरता यावा. म्हणजे त्याला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.

ही मेहेरबानी नव्हे. बँकेत ओळख पटविताना डोळे मिचकावण्याची अट अंधांना व ॲसिडहल्ल्यातील पीडितांना पुरी करता येत नव्हती. त्यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला.

पालकहो, शाळेकडे टाइप केलेल्या सूचनेचा आग्रह धरा. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकीच काही जण संकेतस्थळे तयार करतील. तेव्हा एकदा पडदा बंद करून, केवळ ऐकून अर्ज भरून पाहा. जेथे तुम्ही अडाल, तेथे तुमचा अंध बांधव रोज अडतो. तेवढी जागा दुरुस्त करा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.