स्वयंभू संख्यांची गोष्ट

आमच्या मोरगावचा मयूरेश्वर स्वयंभू मानतात. कुणी घडवलेला नाही, आपला आपण प्रकटलेला. संख्यांमध्येही स्वयंभू असतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी गणिताचा मास्तर. माझ्या वर्गातला एक मुलगा वहीच्या मागच्या पानांवर नुसती अंकांची बेरीज करत बसायचा. मी डाफरलो, "हे परीक्षेला येणार आहे का?" आणि पान खोडायला लावलं. त्यानं मुकाट्यानं खोडलं.

पुढे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांविषयी वाचलं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. त्यांचाही खेळ तोच! २१ घ्या. तिच्यात तिचेच अंक २ आणि १ मिळवा, २४ झाले. म्हणजे २१ ही २४ ची आई. पण २० ला अशी आई शोधून पाहा, सापडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी 'सेल्फ नंबर' म्हटलं. आपण स्वयंभू म्हणू. हा पोरखेळ आहे, असं म्हणणारे पुष्कळ होते. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं.

आता मूळ संख्या बघू. १ आणि स्वतः, याखेरीज कशानंही भाग न जाणारी ती मूळ संख्या. पाच वेळा २ घेऊन गुणाकार केला, एक वजा केला, की ३१ येते. ती मूळही आहे आणि स्वयंभूही. सात वेळा २ घेतले तर १२७. तीही मूळ, पण स्वयंभू नाही. तिची आई १२२.

२००४ साली अमेरिकेच्या जॉश फिंडली यांना संगणकावर याच घराण्यातली एक प्रचंड मूळ संख्या सापडली. २ कोटी ४० लाख ३६ हजार ५८३ वेळा २ घेऊन गुणाकार करायचा, एक वजा करायचा. उत्तरात ७२,३५,७३३ अंक! हिला आई आहे का, हे कसं शोधणार? युक्ती साधी आहे. सगळे अंक ९ धरले, तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ च्या पुढे जात नाही. म्हणजे आई असलीच, तर संख्येच्या खाली एवढ्याच टप्प्यात असणार. पुढचे लाखो अंक बहुधा तसेच राहतात, फक्त शेपटाकडचे तपासायचे. २००६ साली ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिलं की ही संख्या स्वयंभू आहे. कापरेकर १९८६ सालीच गेले होते.

त्याहून मोठी, ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या २०२४ साली सापडली. माझ्या मनात मात्र ते खोडलेलं पान राहिलं आहे. त्या मुलाला मी एवढंच विचारायला हवं होतं, "पुढे काय निघालं रे?"

तुमच्या घरात असं पोर असेल, तर त्याला थांबवू नका. ५० च्या आत आठ स्वयंभू संख्या आहेत. शोधू द्या त्याला. तुम्हीही शेजारी बसा.