नोटेच्या मागचं चित्र



दर महिन्याला मी तुमच्याशी बचतीवर, कर्जावर नाही तर हिशोबाच्या वहीवर बोलते. आज बोलायचं आहे ते एका मुलीच्या परीक्षेवर. पण सुरुवात पैशांपासूनच करावी लागेल, कारण गोष्ट घडली ती गटाच्या बैठकीत.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी यंदा बारावीला होती. तिला वकील व्हायचं आहे. बाप गेल्यावर आईचं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून मायलेकींनी पाच वर्षं हेलपाटे घातले. कोणता कागद, कोणाची सही, कोणती तारीख, हे दर वेळी कोणीतरी वेगळंच सांगायचं. त्या हेलपाट्यांतच मुलीनं ठरवलं की कायदा शिकायचा. बारावीनंतर कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागते. फॉर्म, पुस्तकं, जिल्ह्याच्या गावी जाणं-येणं असं सगळं धरून तीन हजार रुपये लागणार होते. आईनं गटाकडे कर्ज मागितलं.

बैठकीत बराच वाद झाला. आपल्या गटात कर्ज शेळीला मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, दवाखान्याला मिळतं. परीक्षेला आजवर कोणी मागितलंच नव्हतं. एक जण म्हणाली, "शेळी पिल्लू देते. परीक्षा काय देते?" ती वाईट मनानं बोलली नव्हती. पैसे सगळ्यांचे आहेत, बुडाले तर सगळ्यांचे बुडतात. शेवटी ठराव झाला. शेकडा दोन रुपये व्याज, महिन्याला तीनशे मुद्दल, आणि कर्जाच्या कारणापुढे वहीत मी पहिल्यांदाच "शिक्षण" असा शब्द लिहिला.

त्यानंतर ती पोर रोज संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यासाला बसू लागली. घरी चुलते बोलत, शिवाय लाईटचीही बोंब. परीक्षेत सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचा भाग असतो. त्यासाठी तिनं कोणाचंतरी जुनं गाईड आणलं होतं. त्यात देशातली स्थळं होती, म्हणजे लेणी, किल्ले, सरोवरं, अभयारण्यं. पानंच्या पानं नुसत्या याद्या. ती डोळे मिटून घोकायची. "चिल्का ओडिशा, वूलर जम्मू-काश्मीर, लोकटक मणिपूर, सांभर राजस्थान." दुसऱ्या दिवशी मी विचारलं की लोकटक राजस्थानात जायचं आणि सांभर मणिपूरला. एकदा ती वही मिटून म्हणाली, "मॅडम, मी यातलं एकही पाहिलं नाही. मी रेल्वेत बसले नाही अजून. शहरातली पोरं सहलीला हंपी बघून येतात. त्यांना पाठ करावंच लागत नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. ती म्हणत होती ते खरंच होतं.

त्याच आठवड्यात आमची मासिक बैठक होती. पैसे मोजणं चाललं होतं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजींनी शंभराची जांभळी नोट उलटी केली आणि मला विचारलं, "ताई, हे चित्र कायचं हाय व?"

मी बी. ए. आहे. नऊ वर्षं झाली गटांचे पैसे मोजते आहे. आणि मला सांगता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "असेल कुठलंतरी देऊळ." कोपऱ्यात बसलेली ती मुलगी उठून आली, नोट हातात घेऊन म्हणाली, "आजी, हे देऊळ नाही. विहीर आहे. राणी की वाव, गुजरात, पाटण." हे तिला यादीतून पाठ होतं. पण ज्याची यादी पाठ केली ते आपल्या पेटीतच पडून आहे, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग आम्ही पेटीतल्या सगळ्या नोटा उलट्या करून मांडल्या. तुम्हीही पाहा. दहाच्या चॉकलेटी नोटेवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेवर आपलं वेरूळ, पन्नासच्या निळ्या नोटेवर हंपीचा दगडी रथ आणि शंभरावर राणी की वाव. दोनशेच्या नोटेवर साँचीचा स्तूप, तर पाचशेच्या राखाडी नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला. जुन्या नोटांवर निसर्ग सापडतो. जुन्या शंभरावर कांचनजंगा, जुन्या वीसवर अंदमानातले माड, आणि जुन्या दहावर वाघ, हत्ती आणि गेंडा.

तिथून तिच्या अभ्यासाची रीत बदलली. आम्ही समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं भारताचा नकाशा काढला. रांगोळी काढणाऱ्या बायकांना नकाशा काय अवघड? मुलीनं पुस्तक धरलं आणि आम्ही किनारा ओढला. मग एकेक नोट तिच्या जागी ठेवायची आणि पाच गोष्टी सांगायच्या. राज्य कोणतं, जवळ नदी किंवा समुद्र कोणता, बांधलं कोणी, कधी, आणि दगड कोणता.

दगडाचा प्रश्न आजींनी घातला. मला तो आधी उगीच वाटला, पण सगळ्यात उपयोगी तोच ठरला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. तोच हा काळा दगड, बेसॉल्ट. आपला पाटा-वरवंटा याचा, जातं याचं, आणि अजिंठा-वेरूळची लेणीही यातच कोरलेली. वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि शेवटची पाच जैन. त्यातलं १६ नंबरचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. ते वरून खाली कोरत आणलं, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. हे ऐकून आजी म्हणाल्या, "जात्याला टाकी लावताना एक घाव चुकला तर जातं वाया जातं. त्यांचा चुकला असता तर डोंगरच वाया." मुलगी मला नंतर म्हणाली, वेरूळ आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग बाकीचे दगड लागोपाठ बसले. हंपी तुंगभद्रेच्या काठी, विजयनगरची राजधानी, तिथे ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळा. लाल किल्ल्याला तांबडा वालुकाश्म, म्हणून तो लाल. तो शाहजहाननं यमुनेच्या काठी बांधला. ताजमहालही त्याचाच आणि यमुनेच्याच काठी, पण त्याचा पांढरा संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. कोणार्क तेराव्या शतकातलं, राजा नरसिंहदेव पहिला याचं. सूर्याचा रथ म्हणून २४ चाकं आणि सात घोडे. साँचीचा मूळ स्तूप अशोकाचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला.

राणी की वाव मात्र बायकांनी स्वतःहून पाठ केली. अकराव्या शतकात राणी उदयमतीनं आपला नवरा राजा भीमदेव पहिला याच्या आठवणीसाठी ती बांधली असं मानतात. सात मजले जमिनीखाली उतरत जाणारी पायऱ्यांची विहीर. पुढे सरस्वती नदीच्या पुराचा गाळ भरून ती शेकडो वर्षं बुजून गेली आणि विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्यानं गाळ काढून मोकळी केली. २०१४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. एक जण म्हणाली, "शाहजहाननं बायकोसाठी थडगं बांधलं, राणीनं नवऱ्यासाठी पाण्याची सोय केली." उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्या बायका आम्ही. असं वाक्य आमच्यातच सुचणार.

नैसर्गिक स्थळांनाही हीच रीत लावली. सरोवराचं पाणी चाखून बघितल्यासारखं लक्षात ठेवायचं. सांभर खारट, कारण तिथे मीठ पिकतं. वूलर गोडं, कारण झेलम नदी त्यातून वाहते. चिल्का मचूळ, कारण ते समुद्राला लागून आहे. लोकटकवर गवताची तरंगती बेटं असतात, त्यांना फुमदी म्हणतात, आणि त्या बेटांवरच केइबुल लामजाओ हे तरंगतं राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्या दहाच्या गेंड्यावरून आसाममधलं काझीरंगा. अंदमानच्या माडांवरून बॅरन बेट, तिथे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. कांचनजंगा हे जगातलं तिसरं उंच शिखर, ८,५८६ मीटर. त्याच नावाचं सिक्कीममधलं राष्ट्रीय उद्यान निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांनी २०१६ साली जागतिक वारसा ठरलं. असं दोन्ही कारणांनी निवडलेलं भारतातलं ते एकच ठिकाण आहे.

आता दोन चुका सांगते, तुमच्या मुलींच्या कामी येतील.

पहिली चूक जुन्या गाईडची. इतिहास जुना असतो, पण याद्या बदलत राहतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. हे तिच्या गाईडमध्ये असणारच कसं? म्हणून जुनं पुस्तक जरूर वापरा, पण आधी त्याचं साल बघा आणि त्यानंतरच्या गोष्टी वर्तमानपत्रातून कापून मागे चिकटवा.

दुसरी चूक मायेची. सराव परीक्षेत प्रश्न होता की महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ कोणतं. रामसर ही पाणथळ जागा जपण्यासाठीची जागतिक यादी आहे. तिनं बेधडक लिहिलं, लोणार. आपलं लोणार! कमळजेच्या यात्रेला आपण सगळ्या तिथे गेलेल्या. उत्तर होतं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. ते जानेवारी २०२० मध्ये यादीत आलं आणि लोणार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. ती फार खट्टू झाली. मी म्हटलं, अगं, आपल्या गावावर माया असावी, पण पेपरात तारीख लिहावी.

पण त्या चुकीतून एक चांगलं निघालं. ज्या मुलीनं "मी काहीच पाहिलं नाही" म्हणून वही मिटली होती, तिच्या लक्षात आलं की उल्का पडून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं सरोवर तिनं लहानपणापासून पाहिलंय. काठच्या हेमाडपंती देवळांत ती खेळलीय, २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा बघायला पळालीय. शहरातल्या मुलांना हे पाठ करावं लागत असेल.

याचा अर्थ सगळ्यांना सारखी संधी आहे असा नाही. ती नाहीच. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, ज्यांना देश फिरायला मिळतो, ती मुलं चार पावलं पुढूनच निघतात. चुलते विचारायचे, "वकिलीच्या परीक्षेत डोंगर-नद्या कशाला?" माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की दारावर हा प्रश्न उभा आहे, तर आत जायला त्याचं उत्तर द्यावं लागणार. आत गेल्यावर दार कसं असावं ते तिनं ठरवावं.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तिची आई, ती आणि मी निघालो. कंडक्टरनं सुट्टे परत दिले त्यात वीसची नोट होती. तिनं ती उलटी केली, हसली आणि आईच्या हातात दिली. आई शाळेत गेलेली नाही. ती नोट बघून म्हणाली, "वेरूळ. वरून खाली." शेजारची बाई आमच्याकडे बघतच राहिली.

पेपर देऊन आल्यावर मुलगी म्हणाली, "सगळं नाही आलं. पण कोरं काही सोडलं नाही." निकाल अजून लागायचा आहे. कर्जाचे दोन हप्ते मात्र वेळेवर आले आहेत, आणि ज्या बाईनं शेळीचा प्रश्न विचारला होता तिनं परवा आपल्या नातीच्या परीक्षेसाठी अर्ज लिहून आणला. दिवाळीनंतर आमचा गट वेरूळला जाणार आहे. त्या सहलीसाठी महिन्याला वीस रुपये वेगळे काढतो आहोत. वीसच का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मैत्रिणींनो, दोनच गोष्टी सांगते आणि थांबते. तुमच्या गटाच्या वहीत कर्जाच्या कारणांमध्ये "शिक्षण" हा शब्द नसेल तर पुढच्या बैठकीत तो घाला. आणि आज रात्री स्वयंपाक झाला की डब्यातली एक नोट काढा, उलटी करा आणि घरातल्या मुलीला विचारा, हे काय आहे? तिला येत नसेल तर रागावू नका. मलाही येत नव्हतं.