गुणवंतांचा मान आणि गुणवंतांचे देणे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा संकेत आहे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभा संपल्यावर. तरीही गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळांचा विषय मी मुद्दाम घेतला आहे. कारण हुशार मुलांचा मान कशासाठी करायचा, हा प्रश्न एकट्या हुशार मुलांचा नव्हे.

अमेरिकेत १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजातील पाच विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा काप्पा’ हे मंडळ काढले. पुढे कॉलेजाकॉलेजांना सनदा मिळाल्या, शाखा निघाल्या, आणि तिचे सभासदत्व म्हणजे बुद्धीची मोठी पावती ठरली. पण या मंडळात पहिली स्त्री यायला १८७५ साल उजाडावे लागले. दारावर पाटी बुद्धीची; पहारा मात्र दुसऱ्याच कोणाचा!

आता आपल्याकडे पाहा. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. गुण मोजून सभासद घेणारी ही संस्था नव्हे. पण त्या काळी एल्फिन्स्टनमध्ये शिकायला मिळणे हीच मोठी निवड होती. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी अशी माणसे तिच्याशी जोडलेली. निबंध वाचावेत, चर्चा करावी, हा तिचा क्रम. इंग्रजीतले ज्ञान इंग्रजीतच राहू नये म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभाही निघाल्या.

एवढ्यावर ती थांबली असती, तर मी आज तिचे नाव घेतले नसते. १८४९ साली या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. पगारी मास्तर कोठून आणणार? सभासद स्वतःच सकाळी विनावेतन शिकवू लागले. दादाभाई घरोघर जात, ओसरीवर बसत, मुलीला शिकवू द्या म्हणून विनवीत. कोणी बसायला सांगे, कोणी जिन्यावरून ढकलण्याची धमकी देई. नाना शंकरशेटांनी शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली.

अर्थात या शाळांची धाव तरी कोठवर? बहुतेक पांढरपेशा घरांपर्यंतच. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही काढल्या. त्याच सत्यशोधक परंपरेतून नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. विद्या ओसरीवरून खाली अंगणात उतरली, तेव्हा कुठे कामगाराच्या हाताला लागली.

आता आपल्या दाराशी येऊ. पालघरच्या महाविद्यालयाला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य. आणि कीर्तनाला उभे राहिले की समोर वारकरी, शेतकरी. एवढ्या मोठ्या विद्येला जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांसमोर उभे राहण्यात कमीपणा वाटला नाही.

आणि पालघरहून गाडीने जवळच असलेल्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काय दिसते? रसायनाच्या पिंपावर धोक्याची सूचना इंग्रजीत. आणि पिंप उचलणारा ठेकेदाराचा कामगार, त्याला त्यातले अक्षर लागत नाही. ते अक्षर न लागल्याची किंमत कातडीने, डोळ्याने, कधी जिवाने मोजावी लागते. शहाणपण त्याच्यापाशी आहे. त्या पाटीवरचे चार शब्द त्याला कोणी सांगितलेले नाहीत, एवढेच. ते सांगणे ही पहिली जबाबदारी मालकाची आहे, आणि त्यासाठी आम्ही भांडतच राहू. पण रसायनशास्त्रात पहिला आलेला मुलगा तेथून हाकेच्या अंतरावर राहतो, त्याचे काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाविद्यालयांनी गुणवंतांची मंडळे अवश्य काढावीत, फळ्यावर नावे सोनेरी अक्षरांत लिहावीत. मात्र प्रत्येक नावापुढे गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: याने वर्षभरात किती जणांना वाचायला शिकवले? तो रकाना रिकामा असेल, तर मान अर्धाच द्यावा. उरलेला अर्धा कमवायला कामगार वस्ती दूर नाही.