चौसष्ट घरांचा हिशेब



शतरंजच्या पटाची गोष्ट आपण ऐकली असेलच. पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट करीत चौसष्टही घरे भरायची. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजेच २ चा ६४ वा घात वजा १.

ही वीस आकडी संख्या पाहून छाती दडपते. पण इ. स. १००० च्या सुमारास अल्बेरुनीने ती आपल्या ग्रंथात अचूक दिली. एकेक घर मोजत न बसता त्याने वर्ग करण्याची युक्ती योजली. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६. असे सहा वेळा वर्ग केले की २ चा ६४ वा घात हाती येतो.

आता ही संख्या फोडून पाहू. शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जातो. पुढचे काम शाळेत पाठ केलेले सूत्र करते: अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे त्यांची बेरीज गुणिले वजाबाकी. ते पुनःपुन्हा लावले की सहा अवयव मिळतात: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

पहिले पाच मूळ आहेत. फ्रान्सचा थोर गणिती फेर्मा याने १६४० साली असे मत मांडले की, याच पद्धतीची प्रत्येक संख्या मूळ असणार. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. ब्याण्णव वर्षांनी, १७३२ साली, ऑयलरने दाखवून दिले की सहावी संख्या मूळ नाही. ती ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे. तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते, हेही त्याने पुढे सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की पाचवा उमेदवार ६४१ च येतो!

मित्रांनो, फेर्माचे नाव मोठे होते, पण भागाकाराने नाव पाहिले नाही. गणितात वडीलकी चालत नाही, पुरावा चालतो. म्हणून पालकांना माझी विनंती आहे: मुलाने किंवा मुलीने ‘हे असे का?’ म्हणून विचारले, तर ‘पुस्तकात आहे म्हणून’ असे सांगून त्यांना गप्प करू नका. आपल्याला उत्तर येत नसेल तर शेजारी बसा आणि त्यांना करून पाहू द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आज रात्री कागद घ्या, ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भागा आणि बाकी काय उरते ते स्वतः पाहा.